टेबलावरचा वाघ आणि फांदीवरचा डबा



मागच्या भागात मी बोलता बोलता म्हणालो होतो की मी कधीकधी शनिवार-रविवार फासे टाकून गोष्ट खेळायला जातो. त्यावर बरेच मेसेज आले. ‘हे नक्की काय असतं?’, ‘ल्युडो का?’, ‘जुगार तर नाही ना?’ एका ताईंनी विचारलं, ‘यात जिंकतं कोण?’ तर आजचा भाग त्यावर. पण फक्त खेळ समजावून थांबणार नाही. गेल्या सप्टेंबरात पुण्यातल्या एका छोट्या कन्व्हेन्शनमध्ये मी पहिल्यांदा स्वतः खेळ चालवला. दोन दिवस, दोन टेबलं, गोष्ट एकच. शनिवारी टाळ्या पडल्या. रविवारी माझी झोप उडाली. ते सांगायचंय.

आधी खेळ काय ते सांगतो.

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात आणि बोलून एक गोष्ट घडवतात. एक जण खेळ चालवतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. तो सांगतो, ‘पाऊस पडतोय, नाल्याला पूर आलाय, पलीकडे तुमचं गाव आहे. काय करता?’ बाकी प्रत्येकाकडे एक पात्र असतं. कागदावर त्याचं नाव, त्याला काय येतं, काय येत नाही, एवढंच लिहिलेलं. कुणी म्हणतो, ‘मी दोर बांधून उतरतो.’ आता उतरेल की वाहून जाईल? हे ना त्याने ठरवायचं, ना मी. ते फासे ठरवतात. मग फाशाचं जे उत्तर येईल त्यातून पुढची गोष्ट. जिंकतं कोण? कुणीच नाही. गोष्ट रंगली तर सगळेच.

या प्रकारातला पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत काढला. कन्व्हेन्शन त्याहून जुनी. याच गायगॅक्सने १९६८ साली लेक जिनिव्हा नावाच्या गावात एक हॉल भाड्याने घेऊन युद्धाचे खेळ खेळणाऱ्यांना बोलावलं. शंभराच्या आसपास माणसं आली. त्याचंच पुढे ‘जेन कॉन’ झालं. आज तिथे ७० हजारांहून जास्त लोक येतात. आपल्याकडचं चित्र अर्थातच लहान आहे. मी गेलो होतो तिथे एक हॉल, बारा-तेरा टेबलं, कोपऱ्यात चहाचा थर्मास आणि भिंतीवर चिकटवलेला तक्ता: कुठल्या टेबलावर, किती वाजता, कुठला खेळ.

कन्व्हेन्शनचा खेळ आणि मित्रांबरोबरचा घरचा खेळ यात मोठा फरक असतो. घरी तुम्ही वर्षभर तीच गोष्ट पुढे नेऊ शकता. कन्व्हेन्शनला चार तासांचा स्लॉट मिळतो. समोरची माणसं अनोळखी. त्यांना नियम समजावायचे, पात्रं द्यायची, गोष्ट सुरू करायची, रंगवायची आणि संपवायची, सगळं चार तासांत. म्हणून याला वन-शॉट म्हणतात. यासाठी पात्रं आधीच तयार करून न्यावी लागतात. आणि पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी घडावं लागतं, नाहीतर लोक मोबाईल काढतात.

मी आधी दोनदा नुसता खेळायला गेलो होतो. पहिल्या वेळी चार तासांत मी बहुतेक दहा वाक्यं बोललो असेन. टेबलावर सगळं इंग्रजीत चाललं होतं. ऑफिसात मी दिवसभर इंग्रजीत कॉल घेतो, मग इथे काय झालं? झालं असं की ऑफिसात फक्त काम सांगायचं असतं. इथे घाबरायचं, खोटं बोलायचं, रडायचं, शिव्या द्यायच्या. ते माझं इंग्रजीत होईना. तेव्हाच ठरवलं की एक दिवस मराठीत टेबल लावायचं. आणि गोष्ट आपल्याकडची घ्यायची.

आपल्याकडची म्हणजे गोंडपिपरीची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चंद्रपूरहून बल्लारपूर, कोठारी करत आष्टीच्या रस्त्याने निघालात की पन्नासेक किलोमीटरवर आमचं तालुक्याचं गाव. एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला वैनगंगा. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा, वर्धेच्या पल्याड तेलंगण. मधे धानाची शेती आणि जंगल. आणि जंगलात वाघ.

माझी गोष्ट अशी होती. मे महिना, तेंदूपत्त्याचा हंगाम. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. तेंदूची पानं विडीसाठी लागतात. बायामाणसं पहाटे चार-पाचला जंगलात जातात, वाकून वाकून पानं तोडतात, दुपारी घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे जिथे माल मोजून घेतात तिथे, नेऊन देतात. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. हंगाम असतो जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा. पण त्या पंधरा दिवसांच्या पैशांवर शाळेची फी, खत-बियाणं, एखादं लग्न, सगळं टेकलेलं असतं. आणि याच दिवसांत वाघाचे हल्ले होतात. पाणी आटलेलं, जनावर पाणवठ्याजवळ, आणि अंधूक उजेडात खाली वाकलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही.

तर खेळाची सुरुवात: पहाट झालीय, गावातली एक बाई कालपासून परतलेली नाही. तुम्ही पाच जण शोधायला निघालात. आत गेल्यावर एका पळसाच्या फांदीला तिचा जेवणाचा डबा टांगलेला दिसतो. कापडात बांधलेला, न उघडलेला. काय करता?

नियम मी अगदी साधे ठेवले होते. दोन साधे फासे टाकायचे आणि बेरीज करायची. सहा किंवा कमी आलं तर काम बिघडलं. सात ते नऊ आलं तर काम होतं, पण काहीतरी किंमत मोजून. दहा किंवा जास्त आलं तर निर्विघ्न. ही पद्धत माझी नाही. व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांच्या २०१० सालच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’पासून ती रुळली. मला आवडते कारण हिशेब बघा: दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १५ वेळा बिघडतं, १५ वेळा किंमत मोजून जमतं, आणि फक्त ६ वेळा सगळं नीट होतं. आमच्याकडच्या शेतीसारखंच आहे म्हणा.

आणि खलनायक म्हणून अर्थातच वाघ. त्यातही मी जरा हुशारी केली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७७ सालच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये राक्षस नावाचाच एक प्राणी आहे. आपलाच शब्द, पण त्याला डोकं वाघाचं. माणसांना भुलवतो आणि खातो. मी म्हटलं, झकास. आपला वाघही नुसता वाघ नको, आत काहीतरी असलेला वाघ पाहिजे. त्याला मी दहा हिट पॉइंट दिले. हिट पॉइंट म्हणजे जिवाचा आकडा. घाव बसला की कमी होतो, शून्य झाला की मेला.

हे लिहिताना मला माहीत होतं की आमच्याकडे वाघ राक्षस नाही. ताडोबा हे नावच घ्या ना. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि लोकांनी त्याला देव मानलं, अशी कथा आहे. त्याचं देवस्थान तलावाच्या काठी आहे, पौषात तिथे जत्रा भरायची. म्हणजे वाघाने मारलेल्या माणसाचा देव होतो आणि जंगलाला त्याचं नाव मिळतं. वाघाला सैतान करायचं आमच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी मात्र केला, कारण चार तासांत लोकांना मजा यायला हवी होती.

शनिवार सकाळ. टेबलावर पाच जण. दोघं मुंबईची, तिघं पुण्याची, सगळी माझ्याच वयाची. आयोजकांचा एक नियम होता की प्रत्येक टेबलावर एक्स-कार्ड ठेवायचं. जॉन स्टाव्हरोपोलस नावाच्या गेम मास्टरने ही युक्ती काढली. एका कार्डावर फुली मारलेली असते. खेळात एखादी गोष्ट कुणाला सहन होत नसेल तर त्याने कार्डाला हात लावायचा. ती गोष्ट तिथल्या तिथे खेळातून काढून टाकायची, कारण विचारायचं नाही. मी ते कार्ड ठेवलं आणि नियम वाचून दाखवला, विमानात हवाईसुंदरी पट्टा बांधायला सांगते ना, तसा. कुणी ऐकत नव्हतं, मीही ऐकत नव्हतो.

खेळ मात्र काय रंगला! डब्याचं वर्णन केलं तेव्हा टेबल गप्प झालं. एकाने तर ‘बाप रे’ म्हटलं. मी आवाज खाली नेला, वर नेला. हे मी कुठे शिकलो सांगू? झाडीपट्टीत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागात दिवाळी झाली की नाटकांचा मोसम सुरू होतो तो होळीपर्यंत. वडसा हे नाटक कंपन्यांचं गाव. रात्री पडदा उघडतो तो पहाटे पडतो. आमच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. लहानपणी आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत पाहिलेली ती नाटकं शनिवारी माझ्या कामी आली. शेवटी पाच जणांनी वाघाला नाल्यात घेरलं. एकीने फासे टाकले, सहा आणि सहा, बारा! वाघ मेला. शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली इतका आरडाओरडा झाला. आयोजक येऊन म्हणाले, ‘भाऊ, उद्याचं टेबल फुल आहे तुमचं.’ मी रात्री आईला फोन करून सांगितलं, लय मस्त झालं. काय खेळलो ते नाही सांगितलं.

का नाही सांगितलं, ते रविवारी कळलं.

रविवारी पुन्हा पाच जण. त्यात एक मुलगी होती, पुण्यात नर्सिंग करणारी. ओळख करून घेताना म्हणाली, ‘मी मूलची.’ मूल म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं, जंगलाला लागूनच. मला आनंदच झाला. म्हटलं, वा, घरचं माणूस. मी सुरुवात केली. पहाट, बाई परतली नाही, पाच जण निघाले. फांदीला डबा.

टेबल गप्प झालं, शनिवारसारखंच. मी मनात म्हटलं, जमलं. आणि मग ती म्हणाली, पात्राच्या आवाजात नाही, स्वतःच्या आवाजात, ‘हा डबा खरा आहे ना?’

मी म्हटलं, ‘म्हणजे?’

‘असे डबे मनाने सुचत नाहीत,’ ती म्हणाली.

मंडळी, डबा खरा होता. आमच्या गल्लीतल्या एक काकू होत्या. मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. मे महिन्यात त्या गेल्या. शोधायला गेलेल्या माणसांना सगळ्यात आधी दिसला तो डबा. मुंग्या लागू नयेत म्हणून त्या नेहमी फांदीला टांगून ठेवायच्या. मी सुट्टीला घरी आलो तेव्हा हे ऐकलं आणि माझ्या डोक्यातून गेलं नाही. खेळ लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा तोच आठवला. एवढंच नाही. खेळातल्या त्या बाईला मी नावही काकूंचंच दिलं होतं. बदलायचं सुचलंच नाही. शनिवारी पाच अनोळखी माणसांनी ते नाव चार तास घेतलं, ‘अरे ती अमुक कुठे मेली ते बघ’ असंही म्हटलं. चूक त्यांची नव्हती. त्यांच्यासाठी ते एक मजेदार नाव होतं आणि गोष्टीतली पहिली खूण. मीच तसं करून दिलं होतं.

मी तिला हळूच म्हटलं, ‘कार्ड आहे इथे. आपण हे काढून टाकू शकतो. दुसरं काहीतरी खेळू.’

तिने कार्डाकडे बघितलं आणि म्हणाली, ‘नाही, काढू नका. नीट खेळा.’

हे मला कुठल्याच नियमपुस्तकाने सांगितलं नव्हतं. कार्डाचा उपयोग आहे, मी आजही ठेवतो. पण कार्ड गोष्ट फक्त काढू शकतं. समोरच्याला ती काढायची नसेल, नीट सांगायची असेल, तर कार्ड काय करणार? ते चालवणाऱ्यालाच करावं लागतं.

मी विचारलं, ‘मग तू काय करतेस?’

आता ती पात्राच्या आवाजात बोलली. ‘मी डबा खाली काढते. उघडत नाही. जवळ ठेवते. नंतर घासून तिच्या घरी नेऊन देईन.’

फासे माझ्या हातात होते. कशासाठी टाकायचे? डबा खाली काढायला फासे लागत नाहीत. मी ते बाजूला ठेवले. आणि नाव बदललं. म्हटलं, ‘एक चूक झाली, या बाईचं नाव मी नको ते सांगितलं. आपण तिला नुसतं काकू म्हणू.’ कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतरच्या तीन तासांत वाघ एकदाही दिसला नाही. त्याच्या आकड्यांचा कागद माझ्यासमोर पालथा पडून होता. खेळ कशाचा झाला? काकू सापडल्या. मग गावात निरोप कोण नेणार? सासूला आधी सांगायचं की मुलाला? वनविभागाची माणसं येणार, पंचनामा होणार. गाव चिडलेलं, लोक म्हणतात रस्ता अडवू, गाडी सोडणार नाही. पाच जणांतला एक खेळाडू वनरक्षकाचं पात्र घेऊन बसला होता. तो त्याच गावचा, लोकांच्या शिव्याही त्याने खायच्या आणि रात्री गस्तही त्यानेच घालायची. या सगळ्यात फासे टाकले, पण वेगळ्या गोष्टींसाठी. जमाव शांत होतो का? सात आलं. होतो, पण त्या वनरक्षकाला गावाला शब्द द्यावा लागतो की वाघ आठ दिवसांत पकडू. असा शब्द द्यायचा अधिकार त्याला आहे का? नाही. किंमत ती ही.

सरकार आज अशा मृत्यूला २५ लाख रुपये देतं. टेबलावर एकाने विचारलं, ‘मग प्रश्न सुटला ना?’ मूलची मुलगी म्हणाली, ‘कागद कोण गोळा करणार? तिच्या नावाचं बँकेत खातं होतं का?’ तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘माझं पात्र शिकलेलं आहे, मी कागद गोळा करतो.’ आणि त्याने पुढचा अर्धा तास खरंच तेच केलं. चार तासांच्या खेळात एक माणूस अर्धा तास कागद गोळा करतोय आणि बाकीचे चौघं श्वास रोखून बघतायत, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटची वीस मिनिटं राहिली तेव्हा मी एकच प्रश्न विचारला. ‘रात्र झाली. हंगामाचे नऊ दिवस बाकी आहेत. उद्या पहाटे पानाला जायचं की नाही?’

पाच जणांची पाच उत्तरं. खूप भांडण झालं, चांगलं भांडण. शेवटी दोघं जायचं म्हणाली, दोघं नाही म्हणाली, आणि मूलची मुलगी म्हणाली, ‘माझी पात्र जाईल. पण काकूंचा डबा घासून देऊन मग जाईल.’ तिथे वेळ संपली. टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही. थर्मासमधला चहा गार झाला होता, तोच सगळ्यांनी प्यायला. ती जाताना म्हणाली, ‘त्यांच्या घरच्यांना विचारलं होतं का?’

मी म्हटलं, नाही.

‘विचारा,’ एवढंच म्हणाली.

दिवाळीत घरी गेलो. काकूंचा मुलगा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा आहे, दादा म्हणतो मी त्याला. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेलो. कसं सांगायचं, हे पुण्याहून रेल्वेत बसल्यापासून जुळवत होतो. खेळ म्हणजे काय हेच आधी समजावायचं आणि मग सांगायचं की तुझ्या आईचा मी खेळ केला. मी सगळं सांगितलं. शनिवारचंही. बारा पडले, लोक ओरडले, तेही.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘तुले असं वाटलं का, का आम्ही तो डबा टाकून देला असन?’

मी म्हटलं, माहीत नाही.

तो आत गेला आणि घेऊन आला. स्टीलचा, दोन कप्प्यांचा. त्याची मुलगी शाळेत नेते. म्हणाला, ‘नाव नको घेऊ. डबा राहू दे.’

आणि मग, ‘पण वाघ मारला कायले? मारून काय भेटते? दुसरा येते ना.’

मी यावर काय बोलणार. वाघाला आकडा मी दिला होता. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना कळेल: ज्या गोष्टीला तुम्ही आकडा देता, ती गोष्ट वापरणारा त्या आकड्याशीच खेळणार. दहा लिहिलं की लोक शून्यावर आणणारच. मी जर ‘जमावाचा राग’ याला आकडा दिला असता, तर शनिवारचे पाच जणही तो राग कमी करायला धडपडले असते. माणसं तीच होती.

भाऊबीजेनंतर आमच्याकडे मंडईचे दिवस. रात्री नाटकाला जायचं होतं, त्याआधी दोन-तीन तास रिकामे होते. मी म्हटलं, चला खेळून बघू. अंगणात सतरंजी, ल्युडोच्या डब्यातले दोन फासे, दोन चुलत भाऊ, वहिनी, तो दादा आणि माझी मोठी आई. मोठी आई स्वतः पंचवीस-तीस वर्षं पानाला गेलेली. तिला कॅरेक्टर शीट द्यायला गेलो तर म्हणाली, ‘मले कागद कायले? मी मीच राहीन.’

मी डब्यापासून सुरुवात केली नाही. थेट शेवटच्या प्रश्नापासून केली. ‘गावात असं घडलंय. उद्या जायचं की नाही?’

मोठी आईने क्षणही घेतला नाही. ‘जाणं तं लागते. घरी बसून पोट भरते का?’

‘मग काय करतेस?’

‘एकटी नाही जात. पंधराजणी जाऊ. उजाडल्याशिवाय आत नाही शिरायचं. दर घडीले एकमेकीचं नाव घेऊन हाक मारायची. जिची ओ नाही आली, तिथं काम बंद.’

पुण्यात दहा जणांनी दोन दिवस डोकं लावून हे कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी त्या गावचा. मी फासे पुढे केले. मोठी आई म्हणाली, ‘याच्यात फासे कायले? हाक तं मारता येतेच.’ खरं होतं. मग आम्ही खेळलो ते असं: मी जंगल सांगायचो, आणि थोड्या थोड्या वेळाने ती खरंच मोठ्याने हाक मारायची, एकेकाचं नाव घेऊन. आम्ही ओ द्यायचो. एकदा धाकटा चुलत भाऊ मुद्दाम गप्प राहिला, गंमत म्हणून. मोठी आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. खेळ तिथेच संपला आणि आम्ही नाटकाला गेलो. दादाही आला होता.

आता जे नवीन लोक कन्व्हेन्शनला टेबल लावायचं म्हणतायत, त्यांच्यासाठी मी जे बदललं ते सांगतो. मोठं काही नाही.

एक, सुरुवातीची दहा मिनिटं आता मी नियमांवर नाही, माणसांवर घालवतो. कोण कुठून आलंय, आजच्या गोष्टीत काय यायला नको, आणि काय आलं तर नीट यायला हवं. हा दुसरा प्रश्न मी मूलच्या मुलीकडून शिकलो. ‘यायला नको’ची यादी जगभर करतात. अशा गोष्टींच्या मर्यादा आधी ठरवून घ्यायची पद्धत रॉन एडवर्ड्स यांनी मांडली त्याला वीस वर्षं होऊन गेली. ‘नीट यायला हवं’ हेही त्यासोबत विचारा.

दोन, खऱ्या माणसाची गोष्ट घेतली असेल तर त्याच्या घरच्यांना विचारा. विचारता येत नसेल तर ओळख पटेल असं सगळं काढा. नाव तर काढाच.

तीन, आकडा कशाला द्यायचा ते आधी ठरवा. लोक तेच खेळतील.

चार, मराठीत खेळा. किंवा जी भाषा घरी बोलता तिच्यात. मला कन्व्हेन्शनमध्ये काही जण म्हणाले की मराठीत हे हास्यास्पद वाटतं. वाटतं, पहिली दहा मिनिटं. नंतर नाही.

पाच, सुरुवात करायला काही विकत घेऊ नका. जाड पुस्तकं, वीस बाजूंचे फासे, छोट्या मूर्ती, सगळं छान असतं, माझ्याकडेही आहे. पण घरातल्या ल्युडोचे दोन फासे आणि चार माणसं पुरतात. एक प्रश्न तयार ठेवा, ज्याचं उत्तर तुम्हाला स्वतःला माहीत नाही. मग विचारा, काय करता?

मी पुढच्या कन्व्हेन्शनला हेच टेबल पुन्हा लावणार आहे. खेळाचं नाव बदललंय. आता ‘हाक’ ठेवलंय. वाघाचा कागद काढून टाकलाय. तो जंगलात आहे, एवढंच सगळ्यांना माहीत असतं. डबा आहे, दादाने राहू दे म्हटलंय म्हणून. आणि दर थोड्या वेळाने टेबलावरच्या एकाने मोठ्याने सगळ्यांची नावं घ्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. शेजारच्या टेबलांना त्रास होणार आहे, त्यांची आधीच माफी मागतो.

तुमच्याकडे असे काही प्रश्न असतील, तुमच्या गावचे, ज्यांचा खेळ होऊ शकेल असं वाटतं, तर पाठवा. पण आधी घरी विचारून पाठवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.